जुने सेसना १७२ : खरेदी, वापर आणि विक्रीचा अनुभव

दोन उन्हाळे आणि मधला एक हिवाळा वापरून माझे १९७५ सालचे सेसना १७२एम मी नुकतेच विकले. अमेरिकेत राहून असे चार आसनी विमान घेण्याचा विचार करणारे मराठी वाचक आता कमी नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. उडण्याच्या आनंदाबद्दल येथे फारसे काही नाही. जुन्या विमानाची किंमत त्याच्या पत्र्यापेक्षा त्याच्या देखभालीच्या नोंदवह्यांमध्ये अधिक असते, हे मला खरेदीच्या वेळी पुसटसे ठाऊक होते आणि विक्रीच्या वेळी पुरते पटले. त्यामुळे भर त्यावरच आहे.

आधी पात्रतेचा प्रश्न, कारण आपल्याकडील अनेकांचे गाडे तेथेच अडते. अमेरिकेत विमानाची नोंदणी स्वतःच्या नावावर करायची तर मालक अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावा लागतो. एच-१बी व्हिसावर वैमानिकाचा परवाना मिळवता येतो, परंतु विमान नावावर करता येत नाही. त्यासाठी विश्वस्त संस्थेचा आडमार्ग घ्यावा लागतो आणि त्याचा वार्षिक खर्च वेगळा. ग्रीन कार्डधारकाने एलएलसी (मर्यादित दायित्वाची कंपनी) काढून तिच्या नावावर विमान घेण्याची कल्पनाही तपासून घ्यावी, कारण कंपनीच्या बाबतीत नागरिकत्वाच्या अटी अधिक कडक आहेत. सहमालक म्हणून वैयक्तिक नावांनी नोंदणी करणे बहुतेकांना सोयीचे पडते.

१७२ हे मॉडेल निवडण्यामागे फार मोठे संशोधन नव्हते. चव्वेचाळीस हजारांहून अधिक विमाने बनलेल्या या जातीचे सुटे भाग आणि ती जाणणारे मेकॅनिक जवळपास प्रत्येक विमानतळावर सापडतात. खरी निवड वर्षाची होती. १९७७ ते १९८० दरम्यानच्या १७२एनमध्ये लायकमिंगचे ओ-३२०-एच२एडी इंजिन येते. त्याच्या कॅमशाफ्ट आणि टॅपेटच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांच्या) झिजेचा इतिहास चांगला नाही, शिवाय त्याचे दोन्ही मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज निर्माण करणारी यंत्रे) एकाच आसावर चालतात. ही विमाने काहीशी स्वस्त मिळतात आणि नीट जपलेली चांगली चालतातही, पण विकताना प्रत्येक ग्राहक तोच प्रश्न विचारणार हे उघड होते. म्हणून मी आधीचे १५० अश्वशक्तीचे इंजिन असलेले एम मॉडेल पाहिले. त्याची रचना जुन्या ८० ऑक्टेन इंधनासाठी असल्याने वेगळी मंजुरी घेऊन मोटारीचे पेट्रोलही वापरता येते, असे जाहिरातींत ठळकपणे लिहिलेले असते. ती मंजुरी इथेनॉलमिश्रित पेट्रोलाला लागू नाही आणि न्यू जर्सीतील पंपांवर सहसा तेच मिळते, त्यामुळे माझ्यासाठी या सोयीचे मूल्य शून्य होते.

वह्यांकडे वळतो. एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा), इंजिन आणि प्रोपेलर यांच्या स्वतंत्र नोंदवह्या असतात आणि त्या पहिल्या दिवसापासून सलग असाव्यात. विक्रेता सांगतो तेवढ्यावर न थांबता अल्प शुल्क भरून एफएए या अमेरिकी विमानवाहतूक नियामकाच्या ओक्लाहोमा सिटी येथील नोंदणी कार्यालयाकडून त्या विमानाची संपूर्ण फाइल मागवावी. मोठ्या दुरुस्त्या आणि बदल ३३७ क्रमांकाच्या फॉर्मवर नोंदवलेले असतात. ते फॉर्म आणि वह्यांतील नोंदी समोरासमोर ठेवल्या की गोष्टी बोलू लागतात. मी पाहिलेल्या एका विमानाच्या जाहिरातीत ‘कोणताही अपघात नाही’ असे होते आणि फाइलमध्ये पंखाच्या दुरुस्तीचा ३३७ होता. दुरुस्ती उत्तम झालेली असू शकते, परंतु ती लपवणाऱ्या माणसाकडून पुढे काहीही विकत घेऊ नये.

इंजिनाच्या बाबतीत केवळ ओव्हरहॉलनंतरचे (पूर्ण खोलून केलेल्या दुरुस्तीनंतरचे) तास पाहून किंमत ठरवण्याची बाजारात पद्धत आहे, ती मला अपुरी वाटते. लायकमिंग या इंजिनासाठी दोन हजार तास किंवा बारा वर्षे अशी मर्यादा सुचवते. खासगी वापरात ती बंधनकारक नसली, तरी त्यातील वर्षांचा भाग सगळे सोयीस्करपणे विसरतात. या इंजिनांत कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. विमान उभे राहिले की त्यावरचे तेल निथळून जाते, दमट हवेत गंज धरतो आणि पुढे तोच गंज कॅमचे उंचवटे खाऊन टाकतो. म्हणून वीस वर्षांपूर्वी ओव्हरहॉल होऊन जेमतेम पाचशे तास चाललेल्या इंजिनापेक्षा, आठ वर्षांत बाराशे तास नियमित चाललेले इंजिन मी डोळे झाकून घेईन. अशा इंजिनाच्या ओव्हरहॉलला आज तीस हजार डॉलरच्या पुढे खर्च येतो, तेव्हा हा काही तात्त्विक वाद नाही.

खरेदीपूर्व तपासणी त्या विमानाची देखभाल कधीही न केलेल्या मेकॅनिककडूनच करवून घ्यावी. माझ्या मेकॅनिकने सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले, बोरस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पाहिले आणि तेलाचा फिल्टर कापून त्यात धातूचे कण शोधले. मग तो फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या भिंतीच्या) खालच्या भागात बराच वेळ बॅटरी मारून बसला, कारण पुढच्या चाकावर आदळून उतरलेल्या १७२च्या फायरवॉलला तेथे सुरकुत्या पडतात. त्या काळातील बऱ्याच सेसनांना आतून गंजरोधक थर दिलेला नसे, त्यामुळे शेपटीच्या आतली पाहणी टाळू नये. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरचे एक देखणे विमान मी आतल्या पांढऱ्या भुकटीमुळेच, म्हणजे ॲल्युमिनियमच्या गंजामुळे, नाकारले. खुर्च्यांच्या रुळांची तपासणी तर एफएएच्या आदेशानुसार दर शंभर तासांनी किंवा बारा महिन्यांनी सक्तीची आहे. उड्डाण घेताना खुर्ची मागे घसरली की वैमानिक योक (विमानाचे सुकाणू) धरूनच मागे जातो आणि विमानाचे नाक वर उचलले जाते. यातून जीवघेणे अपघात झालेले आहेत.

मालकीहक्काच्या शोधात माझ्या विमानावर कित्येक दशकांपूर्वीच्या एका कर्जाचा बोजा निघाला. कर्ज फिटले होते, पण मुक्ततेचा कागद कोणी दाखल केला नव्हता आणि ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती. पैसे एस्क्रोमध्ये (व्यवहार पूर्ण होईपर्यंत त्रयस्थाकडे) असल्यामुळे कागद मिळवण्याची घाई विक्रेत्याला झाली, मला नाही. विक्रीखताचा आणि नोंदणीचा फॉर्म प्रत्येकी एका पानाचा, शुल्क पाच डॉलर. त्यामानाने न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के कर मात्र चांगलाच जाणवतो. ओहायोत खरेदी केली तरी विमान येथे ठेवायचे तर तो चुकत नाही.

वापराविषयी थोडक्यात. ताशी सुमारे आठ गॅलन इंधन आणि शंभर-एकशे दहा नॉट वेग, म्हणजे वेळ वाचवण्यासाठी हे विमान घेऊ नये. खुर्च्या चार आहेत, पण चार प्रौढ माणसे आणि भरलेल्या टाक्या असा मेळ बसत नाही. भारतातून आलेले आईवडील बसवायचे असतील तर पेट्रोल मोजूनच भरावे लागते आणि त्यांच्या बॅगा मोटारीने न्याव्या लागतात. १००एलएल या विमानांच्या पेट्रोलमधील शिशामुळे या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाचे खालचे स्पार्क प्लग लवकर माखतात, त्यामुळे जमिनीवर चालवतानाही मिक्श्चर (हवेतील इंधनाचे प्रमाण) बरेच पातळ ठेवण्याची सवय लावून घ्यावी. पावसानंतर टाकीतील इंधनाचा नमुना एकदा नव्हे, स्वच्छ येईपर्यंत काढावा. जुन्या सेसनांची झाकणे पाणी आत घेतात. न्यूयॉर्कच्या परिसरात एडीएस-बी आऊट (विमानाचे स्थान आपोआप प्रसारित करणारे उपकरण) नसलेले विमान २०२०पासून जवळजवळ निरुपयोगी आहे, म्हणून ते बसवलेलेच घ्यावे.

वार्षिक तपासणीत मेकॅनिकच्या हाताखाली राबण्याची परवानगी मागावी. झाकणे उघडणे आणि बंद करणे यातच मजुरीचा मोठा भाग जातो, आणि आपले विमान आतून पाहिलेला मालक पुढे फसवला जाणे कठीण. तेल बदलणे, प्लग साफ करणे, टायर बदलणे अशी कामे वैमानिक असलेला मालक कायदेशीरपणे स्वतः करू शकतो, मात्र प्रत्येक काम वहीत तारीख, तास आणि सहीसह उतरवावे.

याच सवयीने विक्री सोपी केली. हिवाळ्यात विमान इतके कमी उडू लागले की वर सांगितलेला गंजाचा धोका माझ्याच इंजिनाला जाणवू लागला असता, म्हणून विकण्याचा निर्णय घेतला. वह्यांचे प्रत्येक पान स्कॅन करून, लागू असलेल्या एफएएच्या सर्व आदेशांची यादी आणि तेलाच्या प्रयोगशाळेचे अहवाल जोडून जाहिरात दिली, आणि चौकशी करणाऱ्यांचे निम्मे प्रश्न आपोआप मिटले. फुकटात फेरी मारून जाणारे हौशी लोक टाळण्यासाठी परत मिळणारी अनामत घेतल्याशिवाय चाचणी उड्डाण ठेवले नाही. करारात एक अट आग्रहाने घातली : ग्राहकाची खरेदीपूर्व तपासणी माझ्या लेखी संमतीशिवाय वार्षिक तपासणीत बदलायची नाही. तसे झाले, मेकॅनिकने विमान उड्डाणयोग्य नसल्याची नोंद केली आणि सौदा फिसकटला, तर दुरुस्ती होईपर्यंत विमान त्या मेकॅनिकच्याच दारात अडकते.

रंगकाम आणि नव्या रेडिओवर केलेल्या खर्चापैकी जेमतेम अर्धा वसूल झाला. वैयक्तिक वापराच्या विमानावर नफा झाला तर कर लागतो, तोटा झाला तर तो उत्पन्नातून वजा करता येत नाही, हेही हिशेबात धरावे. विमा मात्र पैसे खात्यात जमा होऊन विक्रीखतावर सह्या होईपर्यंत चालू ठेवला, आणि नोंदणीपत्राच्या मागची बाजू भरून त्याच दिवशी ओक्लाहोमाला टपालाने रवाना केली.