१६ टीबीच्या डबीत ६४ जीबी

आमचं ऑफिस चार माणसांचं आणि सगळा कारभार एका कॉम्प्युटरवर. हिशेब, बिलं, पत्रव्यवहार, स्कॅन केलेली कागदपत्रं, सगळं मिळून साधारण ४० जीबी. बॅकअप कशावर घ्यायचा याचा महिनाभर काथ्याकूट चालला होता. क्लाउडचे पैसे दर महिन्याला भरायचे म्हणून तो नको, नॅस (नेटवर्कला जोडलेली, सगळ्यांना वापरता येणारी साठवण-पेटी) कोण सांभाळणार म्हणून ते नको, साधी पोर्टेबल हार्ड डिस्क हातातून पडली की गेली म्हणून तीही नको. तेवढ्यात मला ऑनलाइन १६ टीबीची एसएसडी, म्हणजे आत फिरणारी तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी ड्राइव्ह दिसली. तळहातावर मावणारी, आणि किंमत १ टीबीच्या हार्ड डिस्कपेक्षाही कमी. तिथेच शंका यायला हवी होती. मी दुसऱ्या कुणी उचलायच्या आत घाईघाईने मागवली.

आल्यावर तपासलीच नाही असंही नाही. प्रॉपर्टीज उघडून बघितलं तर १४.५ टीबी. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या, म्हणजे १६ चे १४.५ दिसायलाच हवेत. आकडा चोख जुळला. पण ड्राइव्ह स्वतःबद्दल जे सांगेल तेच विंडोज आपल्याला दाखवतं, आत किती जागा आहे ते मोजायला जात नाही. चोराने ड्राइव्हला खोटं बोलायला शिकवलेलं असतं.

दर शुक्रवारी तारखेचं नवं फोल्डर करून सगळं कॉपी करायचं, हे काम हिशेब बघणाऱ्या ताईंकडे होतं. त्या काटेकोर. कॉपी संपली की त्यातली एखादी फाइल उघडून बघायच्या. उघडायची! याचं कोडं मला बरेच दिवस सुटलं नव्हतं. नुकतीच कॉपी केलेली फाइल कॉम्प्युटरच्या मेमरीत शिल्लक असते आणि विंडोज ती तिथूनच उघडून देऊ शकतं. ड्राइव्ह काढून, कॉम्प्युटर बंद-चालू करून पुन्हा लावली असती तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच बिंग फुटलं असतं. आणखी एक खूण डोळ्यांसमोर होती: वेग कधी सेकंदाला ३० एमबीच्या वर गेला नाही. तो जुन्या यूएसबी २.० चा वेग. या वेगाने खरीखुरी १६ टीबी भरायला सहा दिवस लागले असते.

पाच महिन्यांनी कॉम्प्युटरची डिस्क बसली. मी निर्धास्त होतो. नवी डिस्क टाकली, शेवटच्या शुक्रवारचं फोल्डर उघडलं. नावं बरोबर, तारखा बरोबर, साइझसुद्धा बरोबर. एक्सेल म्हणालं फाइल खराब आहे. पीडीएफ उघडेना. त्याच्या आधीचं फोल्डर तसंच, त्याच्या आधीचंही. मागे जात जात अगदी पहिल्यापर्यंत पोचलो तेव्हा ते धड निघालं, आणि दुसरं निम्म्यापर्यंत. मधली एक फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतले कच्चे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली तर वरपासून खालपर्यंत नुसती शून्यं. फाइलींची यादी ड्राइव्हच्या सुरुवातीच्या, खऱ्या जागेत लिहिली जात होती म्हणून ती शाबूत. मजकूर मात्र खरी जागा संपल्यावर कुठेच लिहिला जात नव्हता, आणि ‘लिहिलं’ असं उत्तर दर वेळी मिळत होतं.

मग डबी स्क्रूड्रायव्हरने उचकटली. धातू वाटत होतं ते रंग दिलेलं प्लॅस्टिक. आत बोटाएवढा सर्किट बोर्ड, त्यावर गरम गोंदाने चिकटवलेलं ६४ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड, आणि हाताला वजन लागावं म्हणून लोखंडाची पट्टी. ती पट्टी बघून मला कार्डापेक्षा जास्त राग आला.

विक्रेत्याला लिहिलं. पहिलं उत्तर, ‘फॉरमॅट करून बघा.’ हे मुळीच करू नका. उरलंसुरलं जातं आणि पुरावाही जातो. दुसरं उत्तर, निम्मे पैसे देतो, तक्रार मागे घ्या. परत करायची मुदत केव्हाच संपली होती. तिथले पंचतारांकित अभिप्राय तेव्हा कुठे नीट वाचले. बरेचसे माल हातात पडला त्याच दिवशी लिहिलेले, काही तर चक्क मोबाइलच्या कव्हरबद्दल. उघडलेल्या डबीचे फोटो विक्री-संकेतस्थळाला पाठवले आणि दोन महिन्यांनी पूर्ण पैसे आले. तोवर ताई कागदी फायलींवरून बिलं पुन्हा टाइप करत होत्या. ज्यांचा कागदच नव्हता ती गेली.

आता नवी ड्राइव्ह आली की तिच्यात काही ठेवायच्या आधी एच२टेस्टडब्ल्यू चालवतो. सीटी या जर्मन संगणक-नियतकालिकाचं हे फुकट साधन ड्राइव्ह काठोकाठ भरतं आणि लिहिलेलं परत वाचून ताडून बघतं. लिनक्स आणि मॅकवर त्यासाठी एफ३ आहे. वेळ खूप लागतो, रात्री लावून घरी जायचं. बॅकअपला सध्या दोन साध्या हार्ड डिस्क आलटून पालटून वापरतो, त्यातली एक कायम ऑफिसबाहेर. नको म्हटलेलं क्लाउडही घेतलं, फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणारं. आणि महिन्यातून एकदा ताई दुसऱ्याच कॉम्प्युटरवर एक जुनं फोल्डर उतरवून त्यातली बिलं उघडतात.

परवा सहज शोधलं तर तीच डबी पुन्हा विक्रीला दिसली. फोटो तोच, विक्रेत्याचं नाव वेगळं, आणि क्षमता आता ३० टीबी.