सोशल मीडिया अॅपची अपील सेवा: पोस्ट काढतात, कारण सांगत नाहीत (५ पैकी २ स्टार)

हा रिव्ह्यू अख्ख्या अॅपचा नाही. एका मोठ्या सोशल मीडिया अॅपमधली रिपोर्ट करायची आणि अपील करायची जी सोय आहे, फक्त तिचा आहे. म्हणजे आपली पोस्ट काढली तर दाद मागायची जागा आणि दुसऱ्या कुणी भयंकर काही लिहिलं तर कळवायचं बटण. अॅपचं नाव देत नाहीये, कारण असल्याच तक्रारी बाकीच्या अॅपबद्दलही ऐकू येतात.

आधी एक स्पष्ट करते, मी "काहीही लिहू द्या, कुणी अडवू नका" म्हणणाऱ्यांतली नाही. मर्यादा हवीच. माझं भांडण मर्यादा कोण घालतो, कशी घालतो आणि कारण सांगतो का, एवढ्यावरच आहे.

झालं असं की एका समाजाच्या लोकांना गावाबाहेर काढा अशा अर्थाची एक घोषणा सगळीकडे फिरत होती, मी ती अवतरणचिन्हात टाकली आणि खाली हे का चुकीचं आहे, यातून पुढे काय होऊ शकतं असं सविस्तर लिहिलं. पोस्ट गायब. नोटीस आली, "तुमची पोस्ट आमच्या कम्युनिटी नियमांच्या विरोधात आहे." खाली लिंक होती, ती उघडली तर नियमांचं अख्खं पान उघडलं, त्यात कुठलं कलम, माझं कुठलं वाक्य, निर्णय माणसाने घेतला की मशीनने, काहीच नाही. अपीलचं बटण दाबलं तर दोन-तीन तयार पर्याय, त्यातला एक निवडायचा. आपलं म्हणणं लिहायला एक चौकोनसुद्धा नाही! आणि फोन खाली ठेवायच्या आत उत्तर, "आम्ही पुन्हा तपासलं, निर्णय कायम." इतक्या वेळात कुणी वाचलं असेल असं मला तरी वाटत नाही.

त्याच चर्चेत एका मुलीने त्या घोषणेला विरोध केला होता, तिला एकाने लिहिलं, "तुझं ऑफिस कुठंय माहितीये, सुटल्यावर भेटू." मी रिपोर्ट केलं. उत्तर आलं, "नियमांचं उल्लंघन आढळलं नाही." म्हणजे द्वेषाला विरोध करणारी पोस्ट गेली आणि धमकी जागेवर राहिली. ती मुलगी मात्र नंतर त्या चर्चेत पुन्हा काही बोलली नाही, आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. बोलणं फक्त पोस्ट काढूनच बंद होतं असं नाही ना, घाबरवूनही होतं, आणि त्या वेळी कुणी हस्तक्षेप केला नाही तर बोलायचं स्वातंत्र्य फक्त दांडगट लोकांपुरतं उरतं.

आता मर्यादेचं म्हणाल तर हे कोडं आज पडलेलं नाही, लोकांनी यावर भरपूर डोकं घातलंय. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्येच उदाहरण दिलं होतं, धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात हे मत पेपरात छापलं तर कुणी अडवू नये, पण तेच वाक्य व्यापाऱ्याच्या घरासमोर खवळलेल्या जमावाला ओरडून सांगितलं तर शिक्षा होऊ शकते. वाक्य तेच, जागा वेगळी. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २०१२ मध्ये ठरलेल्या रबात कृती आराखड्यात हेच नीट मांडून दिलंय, चिथावणी आहे का हे ठरवताना संदर्भ काय, बोलणारा कोण, हेतू काय, मजकूर आणि त्याची मांडणी कशी, तो किती लोकांपर्यंत जातो आणि त्यातून खरंच नुकसान व्हायची शक्यता किती, या सहा गोष्टी बघायच्या. ही कसोटी गुन्हा ठरवण्यासाठी आहे, अॅपसाठी नाही, मान्य. पण यातल्या पहिल्या तीन गोष्टी जरी कुणी बघितल्या असत्या तरी माझी पोस्ट राहिली असती. आणि धमकीला तर एवढं मोजमापही लागत नाही, ते मत नाहीच मुळी.

मग काही जण म्हणतात की कुणाच्या भावना दुखावल्या की काढून टाका, विषय संपला. हे मला अजिबात पटत नाही. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने १९७६ मध्ये हँडीसाइड खटल्यात म्हटलंय की सरकारला किंवा समाजातल्या एखाद्या गटाला दुखावणारं, धक्का देणारं, अस्वस्थ करणारं बोलणंही बोलायच्या स्वातंत्र्यात येतं. गंमत बघा, तो खटला शाळकरी मुलांसाठीच्या एका पुस्तकाचा होता आणि प्रकाशक तो हरला, मुलांच्या हितासाठी केलेली ती कारवाई कोर्टाने मान्य केली. म्हणजे तत्त्वही सांगितलं आणि मर्यादाही, पण दोन्हीची कारणं पानंच्या पानं लिहून, जी आजही कुणालाही वाचता येतात, पटली नाहीत तर खोडून काढता येतात. अमेरिकेत तर रेषा फारच पुढे आहे, तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या १९६९ च्या ब्रँडेनबर्ग निकालापासून तात्काळ बेकायदा कृत्य घडवण्याच्या उद्देशाने केलेली आणि ते घडण्याची शक्यता असलेली चिथावणीच शिक्षेला पात्र. मला वैयक्तिक ती रेषा जरा जास्तच पुढे वाटते, पण निदान ती कुठे आहे हे माहिती तरी आहे.

अॅपच्या नियमांत तेच नाही. "आक्षेपार्ह", "असंवेदनशील" असले शब्द, ज्यांत काहीही बसवता येतं. भारताच्या सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये आयटी कायद्याचं ६६-अ कलम, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं कलम, रद्द केलं त्यात हा एक मोठा मुद्दा होता, शब्द इतके मोघम की माणसाला आपण कधी गुन्हा केला हे कळणारच नाही, मग तो बोलायचंच सोडून देतो. नापास केलं पण पेपर दाखवला नाही तर पुढच्या वेळी अभ्यास कशाचा करायचा?

"खासगी कंपनी आहे, त्यांचं अॅप त्यांचे नियम, नको तर वापरू नका" हे उत्तर मला हमखास मिळतं. यात तथ्य आहे, मी ते उडवून लावत नाही. माझी प्रत्येक पोस्ट ठेवलीच पाहिजे असा माझा काही हक्क नाही. पण जिथे निवडणुकीची चर्चा होते, आंदोलनं ठरतात, बातम्या पसरतात ती जागा इतकी मोठी झाली की तिच्या मालकाने निर्णयाचं कारण सांगावं एवढी अपेक्षा जास्त आहे का? युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यात, जो २०२४ च्या फेब्रुवारीपासून पूर्ण लागू झालाय, नेमकं हेच सक्तीचं केलंय. पोस्ट काढली तर कारण आणि नियम सांगायचा, मशीन वापरलं असेल तर तेही सांगायचं, अपीलला किमान सहा महिने द्यायचे आणि अपीलाचा निर्णय निव्वळ मशीनवर सोडायचा नाही. म्हणजे करता येतं. इतर ठिकाणच्या लोकांना हे का नको?

चांगलं काय तेही लिहिते, नाहीतर रिव्ह्यू एकतर्फी होईल. स्पॅम आणि फसवणुकीच्या लिंका रिपोर्ट केल्या की पटकन जातात. लहान मुलांच्या शोषणाचे फोटो ओळखणारं तंत्रज्ञान २००९ पासून आहे आणि तिथे मशीनने माणसाची वाट न बघता फोटो उडवावा हेच योग्य, तिथे संदर्भ-बिंदर्भ बघायची गरज नाही. आणि जी माणसं दिवसभर असला मजकूर बघून काढतात त्यांच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, ते काम भयानक आहे. त्यांना एकेका पोस्टला पुरेसा वेळ आणि ती भाषा येणारा सहकारी मिळायला हवा, आणि तो खर्च कंपनीने करायला हवा.

दोन स्टार दिलेत ते या चांगल्या भागासाठी. अपीलला वेगळे स्टार देता आले असते तर एकही दिला नसता. निर्णयाखाली नियमाचा क्रमांक, आक्षेप असलेलं वाक्य आणि माझं म्हणणं लिहायला एक चौकोन, एवढं जरी आलं तरी मी रेटिंग बदलेन, पोस्ट परत आली नाही तरी चालेल.

ज्यांना ही सेवा वापरायचीच आहे त्यांच्यासाठी, रिपोर्ट करायच्या आधी स्क्रीनशॉट काढा, तारीख, वेळ आणि प्रोफाइलची लिंक दिसेल असा, कारण समोरच्याने कमेंट डिलीट केली की तुमच्या हातात काहीच राहत नाही. आपली पोस्ट लांब असेल तर तिची कॉपी फोनमध्ये वेगळी ठेवा. आणि धमकी असेल तर अॅपच्या उत्तराची वाट बघत बसू नका, सरळ पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि ज्याला धमकी आलीये त्याला एकटं सोडू नका.