लेखावर खरा फीडबॅक हवाय? गंगापूर रोडच्या सरांचा अनुभव

हा रिव्ह्यू मिसळीचा नाही की हॉटेलचा नाही, आधीच सांगते. नाशिकमध्ये पैसे देऊन आपला लेख कोणाकडून तरी नीट वाचून घेता येतो आणि त्याचा उपयोग होतो का, एवढंच सांगायचंय. गंगापूर रोडला एक रिटायर्ड प्राध्यापक आहेत, आयुष्यभर मराठी शिकवलं, आता घराच्या पुढच्या खोलीत बसून लोकांचे लेख, कथा, संस्थेच्या स्मरणिकेचा मजकूर असलं काय काय वाचतात आणि लेखी अभिप्राय देतात. बोर्ड नाही, जाहिरात नाही, ओळखीतूनच लोक जातात, आणि नाव कुठे टाकू नका असं स्वतःच बजावलंय त्यामुळे इथे नुसतं सर. पानाला ऐंशी रुपये, पैसे आधी.

माझा लेख होता नाताळ अंकासाठी, बाबा पद्मनजींच्या 'यमुनापर्यटन'वर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही १८५७ सालची छोटेखानी कादंबरी, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती, आणि लिहिणारा माणूस तीनच वर्षांपूर्वी, १८५४ ला, ख्रिस्ती झालेला. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात, जागोजागी विधवा भेटतात, एकेकीची कहाणी कळत जाते, आणि पुढे यमुनेवरच वैधव्य येतं, मग ती बाप्तिस्मा घेते आणि पुन्हा लग्न करते. गोष्ट एवढीच, पण मला ती कॉलेजपासून सोडत नाही.

सरांकडे जायच्या आधी फुकटचे अभिप्राय घेऊन झाले होते, तेही सांगते कारण त्याशिवाय ऐंशी रुपये पान का द्यावेत ते कळणार नाही. आमच्या पाळकसाहेबांनी वाचून लगेच रिप्लाय दिला, "ताई, लेख वाचून आशीर्वाद मिळाला, प्रभू तुमच्या लेखणीचा असाच वापर करो." छान वाटलं, पण दुसऱ्या पानावर मी तोच मुद्दा दोनदा मांडलाय हे त्यात कुठे आलं? ऑफिसमधल्या मैत्रिणीने बरोबर उलटं केलं, दोन पॅरे वाचले आणि म्हणाली चांगलंय गं, पण जरा प्रचारकी नाही का वाटत, आमच्याकडे कोणी वाचणार नाही. म्हणजे एकीकडे ख्रिस्ती आहे म्हणून कौतुक आणि दुसरीकडे ख्रिस्ती आहे म्हणून नको, लेख मात्र दोघांनीही वाचला नाही. मग एका डीटीपीवाल्याकडे प्रूफ तपासायला दिला तर त्याने जुन्या पुस्तकातले मी जसेच्या तसे घेतलेले उतारे सगळे आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे सरळ करून टाकले! ते न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले हो, १८५७ च्या पुस्तकात ते असणारच ना. मी भांडले तर म्हणे मॅडम चुका काढायलाच दिलं होतं ना तुम्ही. बरं.

तर सर. पहिला प्रश्नच असा, "पुस्तक आणलंय का सोबत?" मी म्हटलं लेख आणलाय. म्हणाले लेख ठेवा, पुस्तकही द्या, एम.ए.ला वाचलं होतं पण आता आठवणीवर विसंबून तुमच्यावर लाल पेन चालवणं बरं नाही. खरं सांगू का, इथेच माझे पैसे वसूल झाले होते. कारण पुस्तक न वाचता पुस्तकावरच्या लेखाबद्दल बोलणारे शंभर मिळतात, भाषा छान आहे, शेवट जरा आटोपता घ्या, असलं कोणीही सांगेल. तुम्ही जे म्हणताय ते त्या पुस्तकात खरंच आहे का, हे बघणारा माणूस कुठे मिळतो.

प्रिंटआउट परत आली तेव्हा मार्जिनमध्ये बारीक अक्षरात इतकं लिहिलेलं की मूळ मजकूर गुदमरला होता. माझी सुरुवात होती, बाबा पद्मनजींचा जन्म १८३१ साली बेळगावला झाला वगैरे वगैरे, त्याच्यासमोर एकच शब्द, "बायोडेटा." पुढे 'पहिली मराठी कादंबरी' या शब्दांना गोल करून लिहिलेलं, हे कोण मान्य करत नाही आणि का, ते एका वाक्यात तरी द्या, नाहीतर नुसती घोषणा होते. बरोबरच आहे, तिला कादंबरी म्हणावं की धर्मप्रचाराचं पुस्तक हा वाद आहेच, मी तो टाळून पुढे गेले होते कारण मला त्यात पडायचं नव्हतं. सर म्हणतात पडा, वाचकाला ठरवू द्या.

पण सगळ्यात भारी नोट तिसऱ्या पानावर. मी लिहिलं होतं की ही यमुनेच्या परिवर्तनाची कथा आहे. सरांनी लिहिलं, "यमुना मिशनच्या शाळेत शिकलेली, मनाने ती आधीपासूनच येशूकडे आहे. मग परिवर्तन कसलं? ती या पुस्तकात मुख्यतः काय करते ते परत बघा." मी घरी येऊन परत पुस्तक काढलं आणि खरंच की, ती ऐकते. पुस्तकभर ती दुसऱ्या बायकांचं ऐकत जाते, आणि मग जे तिने ऐकलंय तेच तिच्या दारात येऊन उभं राहतं, केशवपनाचा धाक, घरच्यांचा दबाव, सगळं. बाप्तिस्मा शेवटी येतो म्हणून आपण त्याला शेवट समजतो, पण पुस्तकाचं वजन त्या ऐकण्यात आहे. आता माझ्या लेखाचा पहिला पॅरा तिथूनच सुरू होतो, बेळगाव गेलं खाली.

आणखी एक, विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, पुस्तक पुढच्याच वर्षीचं, आणि मी कायद्याचा उल्लेखसुद्धा केला नव्हता. त्यावर सरांचा प्रश्न, कायदा झालेला असताना पद्मनजींना हे लिहावंसं का वाटलं असेल? उत्तर त्यांनी दिलं नाही, ते तुमचं काम म्हणाले. वर होमवर्क, सावानातून, म्हणजे सार्वजनिक वाचनालयातून, 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी आणून वाचा, ह. ना. आपट्यांची नायिकाही यमूच, तीही विधवा, तिचंही केशवपन, पण ती स्वतःच बोलते आणि तिला कोणी वाचवत नाही, साल १८९० च्या पुढे. दोन यमुना शेजारी ठेवून बघा म्हणाले. नुसतं नाव सारखं आहे म्हणून ओढूनताणून काही जोडू नका, हेही वर.

सगळं मी ऐकलं असं नाही. नाशिकच्या शरणपूरवर माझा अख्खा पॅरा होता, चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेली वस्ती, तिथे आणलेली गुलामीतून सुटलेली आफ्रिकन मुलं, त्यांच्यातला जेकब वेनराइट जो आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी-संशोधक लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवाबरोबर १८७४ साली इंग्लंडपर्यंत गेला. त्यावर नोट, "माहिती सुंदर. वेगळा लेख करा. इथे यमुना ताटकळली आहे." काढला, जीवावर आलं पण काढला. लक्ष्मीबाई टिळकांना मात्र मी काढू दिलं नाही. सरांचं म्हणणं नाशिकचा माणूस ख्रिस्ती विषय आला की त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राशिवाय थांबतच नाही. मी म्हटलं सर, पद्मनजी पुरुष असून बायकांचं दुःख लिहितात, आणि १९३४ ला जलालपूरची एक बाई स्वतःचं स्वतः लिहिते, याचा संबंध नाही कसा? थोडा वेळ गप्प बसले, मग दोन वाक्यं ठेवा म्हणाले. मी तीन ठेवली.

आता तक्रारी. वेळ पाळत नाहीत, आठवडा सांगितला की पंधरवडा धरून चालायचं, फोन केला तर काकू उचलतात आणि वाचतायत हो एवढंच सांगतात. अक्षर भयंकर आहे, एक नोट मी अजूनही लावू शकलेले नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवली तर बघत नाहीत, कागदच हवा, डबल स्पेसमध्ये, एका बाजूला छापलेला. आणि मुख्य म्हणजे बायबलच्या वचनांचे संदर्भ किंवा धर्मशास्त्राचं काही असेल तर त्याला हात लावत नाहीत, मला त्यातलं कळत नाही, ते तुमच्या पाळकांना दाखवा असं सरळ सांगतात. मला ते आवडलं पण म्हणजे दोन ठिकाणी जावं लागतं हे धरून चला. शेवटचा श्रद्धेवरचा पॅरा त्यांना भाषणासारखा वाटला, अंक नाताळचा आहे, वाचक आमचेच आहेत, तो मी जवळपास तसाच ठेवलाय.

कौतुक ऐकायचं असेल तर जाऊ नका, पैसे वाया जातील, ते काम नातेवाईक फुकटात करतात. लेख पूर्ण झाल्यावरच जा, अर्धवट आणलेला वाचत नाहीत. संध्याकाळी पाचनंतर जा, दुपारी झोपतात आणि बेल वाजली की चिडतात. जुलै-ऑगस्टला तर नकोच, दिवाळी अंकवाल्यांची गर्दी असते, तेव्हा पंधरवड्याचा महिना होतो.