चिंतेवरच्या गोळ्या : आठेक महिन्यांनंतर

एसिटालोप्राम १० मिलीग्रॅम, रोज सकाळी नाश्ता झाल्यावर. सुरुवातीचे काही आठवडे रात्री क्लोनाझेपाम ०.२५ मिलीग्रॅम सुद्धा होती. दिवाळीनंतर सुरू केल्या, आता जून लागलाय. आमच्या रावेर-यावल पट्ट्यात या दोन्ही गोळ्यांना लोक सारखंच घाबरतात किंवा सारखंच हलकं धरतात, म्हणून सविस्तर लिहितो.

त्रास असा होता: छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, रात्री डोळ्याला डोळा नाही. केळीचा भाव पडला की व्हायचं, मग भाव चांगला असतानाही व्हायला लागलं. ईसीजी, टू-डी इको, थायरॉईड, सगळं नॉर्मल निघालं. शेवटी फिजिशियननेच जळगावला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं.

पहिले दोन आठवडे कठीण गेले. डॉक्टरांनी ५ मिलीग्रॅमपासूनच सुरुवात केली होती, तरी मळमळ, एकामागून एक जांभया, पोट बिघडलेलं, आणि धडधड आधीपेक्षा जास्त. बरेच जण इथेच गोळी सोडतात आणि 'मला सोसली नाही' म्हणतात. डॉक्टरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं: मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनावर गोळी पहिल्या दिवसापासून काम करते, पण मेंदूला त्या बदलाशी जुळवून घ्यायला वेळ लागतो, फरक दोन ते सहा आठवड्यांत कळतो. हे माहीत होतं म्हणून टिकलो. क्लोनाझेपाम दिली होती तीसुद्धा एवढा काळ निभवायला.

फरक मला खरा कळला तो मे महिन्यात. वादळी वारा सुटला, बागेतली बरीच झाडं घडांसकट आडवी झाली. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण तलाठ्याला पंचनाम्यासाठी फोन केला, भाकरी खाल्ली आणि झोपलो. मागच्या वर्षी नुसत्या ढगांनी माझी रात्र गेली असती.

आता एसिटालोप्रामचे जे त्रास टिकून राहिले ते. घाम. आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, त्यात या गोळीने घाम आणखी वाढतो. वयस्कर माणसांत या गोळीमुळे, विशेषतः बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर, रक्तातलं सोडियम उतरू शकतं. त्यांना गळून गेल्यासारखं झालं, बोलण्यात घोळ व्हायला लागला, तर उन्हावर ढकलू नका, लगेच डॉक्टरांना दाखवून सोडियम तपासा.

दुसरी गोष्ट नवरा-बायकोतली. इच्छा कमी होते, उशीर लागतो. हा या गटातल्या गोळ्यांचा नेहमीचा परिणाम आहे, पुरुषांतही आणि बायकांतही, पण लाजेपायी कोणी बोलत नाही आणि गुपचूप गोळी बंद करतं. मी बायकोला सोबत घेऊन डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं. डोस कमी करणं, औषध बदलणं असे मार्ग असतात. आम्ही तूर्त थांबायचं ठरवलं. थोडं सुधारलंय, पूर्ण नाही.

अंगदुखीला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घ्यायची सवय असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. सोबत घेतल्यास पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. मला पॅरासिटामॉल सांगितली आहे.

क्लोनाझेपामबद्दल मात्र हात जोडून सांगतो. तासाभरात शांत वाटतं, म्हणूनच माणूस तिला धरून बसतो. काही आठवडे रोज घेतली की शरीराला तिची सवय लागू शकते, आणि मग एकदम तोडली तर झटकेही (फिट) येऊ शकतात. माझी डॉक्टरांनी हळूहळू उतरवत बंद केली. दारूसोबत ही गोळी जिवावर बेतू शकते. सकाळी गुंगी असेल तर ट्रॅक्टर-मोटारसायकल चालवू नका. ही गोळी मेडिकलवाल्याने डॉक्टरांची चिठ्ठी बघूनच द्यायची असते. ओळखीवर कोणी देत असेल तर तो तुमचं भलं करत नाहीये.

घरातल्या पंचविशीच्या आतल्या मुलामुलींना एसिटालोप्राम सुरू झाली असेल तर पहिले काही आठवडे जवळ राहा. या वयात सुरुवातीला जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

एसिटालोप्रामही एकदम बंद करायची नाही. चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके येतात. बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने ती चालू ठेवायची असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणजे माझी अजून काही महिने तरी आहेच. पुढच्या तारखेला घामाचं आणि त्या दुसऱ्या त्रासाचं पुन्हा विचारणार आहे.