व्हिडिओ पीपीटीत घालायचा की सोबत न्यायचा?

बडोद्याच्या कीर्तिमंदिरातल्या नंदलाल बोसांच्या भित्तिचित्रांवर आम्ही एक स्लाइड शो केला होता. सातव्या स्लाइडवर चार मिनिटांचा व्हिडिओ. घरी झकास चालला. दांडिया बाजारातल्या हॉलमध्ये मात्र चित्र दिसत होतं, प्ले दाबलं की काही होईना. ऑपरेटर म्हणाला, "काका, फाइल ज नथी." खरंच नव्हती. पेनड्राइव्हवर फक्त पीपीटी आली होती, व्हिडिओ घरच्या डेस्कटॉपवर.

चूक माझीच. पॉवरपॉइंटमध्ये व्हिडिओ घेताना 'इन्सर्ट' बटणाशेजारी छोटा बाण असतो, त्यात 'लिंक टू फाइल' आहे. मी ते निवडलं होतं. लिंक म्हणजे पीपीटीत फक्त पत्ता राहतो. 2010च्या आवृत्तीआधी दुसरी सोयच नव्हती. सीडीवरचे मल्टिमीडिया कार्यक्रम बनवायच्या मॅक्रोमीडियाच्या डायरेक्टर या जुन्या सॉफ्टवेअरमध्येही क्विकटाइमचे (अ‍ॅपलच्या फॉरमॅटचे) व्हिडिओ बाहेरच असायचे, सीडी करताना ते आठवणीने सोबत टाकावे लागत. आमच्या पिढीची सवय तिथली.

लिंकचा फायदा एकच, पण मोठा: व्हिडिओची काटछाट अजून चालू असेल तर त्याच नावाने नवी फाइल टाकली की स्लाइडवर नवं दिसतं. मात्र आधी दोन्ही एका फोल्डरमध्ये ठेवा, मग लिंक करा आणि नेताना अख्खा फोल्डर न्या.

काम संपलं असेल, आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपवर दाखवायचं असेल, तर मी आता आतच घालतो. तोटा आकाराचा. व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात; एच.264 हा जुना, एचईव्हीसी हा नवा. आयफोनवर 1080पी, सेकंदाला 30 फ्रेमचा व्हिडिओ एचईव्हीसीत मिनिटाला सुमारे 60 एमबी, एच.264मध्ये 130. म्हणजे आमची चार मिनिटं 240 ते 520 एमबी. जीमेलची मर्यादा 25 एमबी, तेव्हा पेनड्राइव्हच बरा. 'फाइल, इन्फो, कॉम्प्रेस मीडिया' यात 720पी केलं की आकार बराच उतरतो. मूळ व्हिडिओ मात्र वेगळा जपून ठेवा.

एक गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. आत घातल्याने फाइल हरवत नाही, पण कोडेक बदलत नाही. एचईव्हीसी न ओळखणाऱ्या जुन्या विंडोजवर आत घातलेला व्हिडिओही अडतोच. म्हणून फाइल एमपी4, चित्राचा कोडेक एच.264 आणि आवाजाचा एएसी, एवढं धरा. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये फॉरमॅट्सखाली 'मोस्ट कंपॅटिबल' निवडून मगच शूटिंग केलं तर पुढची कटकट वाचते.

बोलणारं कुणी नसेल, नुसतं टीव्हीवर फिरत ठेवायचं असेल, तर अख्ख्या शोचाच एमपी4 करा. क्लिक आणि लिंका जातात, चालेल. फक्त फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

यूट्यूबची लिंक? हॉलच्या वायफायचा पासवर्ड ज्याला माहीत असतो, तो नेमका त्याच दिवशी सुरतेला गेलेला असतो.