‘प्रोजेक्ट इम्प्लिसिट’च्या ऑनलाइन चाचण्या: वर्गात वापरून पाहिल्यावर

पदवीच्या शेवटच्या वर्षाला ‘सामाजिक बोधन’ (माणसे इतरांविषयी कसा विचार करतात, याचा अभ्यास) हे प्रकरण शिकवायला घेतले की विद्यार्थी पहिले दोन तास निमूटपणे टिपणे उतरवून घेतात आणि तिसऱ्या तासाला कोणीतरी विचारतेच, ‘मॅडम, माणसाच्या मनातला पूर्वग्रह त्याला स्वतःलाच ठाऊक नसेल, तर तो मोजतात कसा?’ या प्रश्नाचे उत्तर फळ्यावर देता येत नाही. म्हणून गेली चार वर्षे मी वर्गाला संगणक प्रयोगशाळेत नेऊन ‘प्रोजेक्ट इम्प्लिसिट’ या संकेतस्थळासमोर बसवते. अव्यक्त साहचर्य चाचणी, म्हणजे मानसशास्त्राच्या जगात जिला सगळे ‘आयएटी’ म्हणतात ती, तिथे कोणालाही विनामूल्य देता येते. दोन कल्पना मनात नकळत किती घट्ट जोडलेल्या आहेत, हे ती प्रतिसादांच्या वेगावरून मोजते. एका चाचणीला दहा ते पंधरा मिनिटे लागतात. वय, शिक्षण, देश असे काही प्रश्न विचारले जातात, पण नाव विचारले जात नाही. संशोधक वापरतात तेच साधन इतक्या सहजपणे सामान्य माणसाच्या हाती देणारी दुसरी सेवा माझ्या पाहण्यात नाही आणि म्हणूनच तिचे गुणदोष जरा बारकाईने पाहायला हवेत.

ही चाचणी अँथनी ग्रीनवाल्ड, डेबी मॅगी आणि जॉर्डन श्वार्ट्झ यांनी 1998 साली एका शोधनिबंधातून मांडली आणि त्याच वर्षी ग्रीनवाल्ड, महजरीन बनाजी व ब्रायन नोसेक यांनी ती इंटरनेटवर आणली. यांपैकी बनाजी मूळच्या सिकंदराबादच्या, पारशी कुटुंबातल्या आणि उस्मानिया विद्यापीठाच्या विद्यार्थिनी. दिल्लीहून हैदराबादला परतताना वाटेतल्या एका स्थानकावर त्यांनी सामाजिक मानसशास्त्राचे पाच जाडजूड खंड केवळ स्वस्त मिळाले म्हणून विकत घेतले आणि घरी पोहोचेपर्यंत आयुष्यभराचा विषय ठरला, अशी आठवण त्यांनीच सांगितलेली आहे. हे वर्गात सांगितले की मागच्या बाकांवरची कुजबुज थांबते, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे.

आता प्रत्यक्ष चाचणी. ती सुरू होण्यापूर्वीच संकेतस्थळ बजावते की निकालाचा लावलेला अर्थ आपल्याला पटेलच असे नाही, आणि हे मान्य असेल तरच पुढे जावे. आमच्या वर्गात बहुतेक जण ‘लिंग आणि करिअर’ ही चाचणी निवडतात. पडद्याच्या डाव्या आणि उजव्या कोपऱ्यात एकेका गटाचे नाव असते आणि मधोमध एकेक शब्द उमटतो. शब्द डाव्या गटातला असेल तर ‘ई’ ही कळ दाबायची, उजव्यातला असेल तर ‘आय’. चुकले की लाल फुली येते आणि ती दुरुस्त केल्याखेरीज पुढचा शब्द येत नाही. एकूण सात फेऱ्या असतात. पहिल्या दोन फेऱ्या सरावाच्या, म्हणून त्या सोप्या वाटतात. तिसऱ्या आणि चौथ्या फेरीत दोन-दोन गट एकाच बाजूला येतात, उदाहरणार्थ ‘पुरुष’ आणि ‘करिअर’ डावीकडे, तर ‘स्त्री’ आणि ‘कुटुंब’ उजवीकडे. पाचव्या फेरीत बाजू उलटतात आणि सहाव्या-सातव्यात जोड्याच बदलतात. कोणाला कोणती जोडी आधी मिळेल हे ठरलेले नसते, कारण आधी आलेल्या जोडीचा हात बसतो आणि निकालावर त्याचा थोडा परिणाम होतो.

सहाव्या फेरीत जे घडते त्यासाठी ही चाचणी एकदा तरी द्यावी. ‘स्त्री’ आणि ‘करिअर’ एका कळीवर आले की बोटे अडखळतात. मी स्वतः पंचवीस वर्षे नोकरी करते आहे, माझी आईही शिक्षिका होती, तरी ‘सॅलरी’ हा शब्द समोर आल्यावर माझे बोट क्षणभर अधांतरी राहिले आणि मग भलतीच कळ दाबली गेली. अडखळणे अर्ध्या सेकंदाचेसुद्धा नसते, पण ते आपले आपल्याला जाणवते. स्वयंचलित साहचर्य म्हणजे काय, हे समजावणारी पाठ्यपुस्तकातली चार पाने त्या अडखळण्यापुढे फिकी पडतात. माझ्या मते या सेवेची सारी किंमत तिथेच वसूल होते.

प्रयोगशाळेतल्या अडचणीही सांगायला हव्यात. एका वर्षी पाचव्या फेरीच्या सुमारास इंटरनेट गेले आणि निम्म्या वर्गाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. त्याहून गमतीची गोष्ट तीन क्रमांकाच्या संगणकाची. त्याची ‘ई’ ही कळ चिकटत असे आणि त्यावर बसणारा प्रत्येक जण वैतागून उठत असे. दोन्ही प्रकारच्या जोड्यांमध्ये तीच कळ वापरायची असल्यामुळे हा विलंब बराचसा आपोआप कटतो, पण प्रतिसादांतली तफावत वाढते आणि निकाल धूसर होतो. प्रतिक्रियाकालाचे प्रयोग करणाऱ्यांनी आधी कळफलक पुसून घ्यावा, हे मी तेव्हापासून प्रयोगवहीच्या ‘दक्षता’ या सदरात लिहायला लावते.

शेवटी निकाल म्हणून एक वाक्य मिळते. तुमच्या प्रतिसादांवरून अमक्याचा तमक्याशी सौम्य, मध्यम किंवा तीव्र स्वयंचलित संबंध दिसतो, अशा धाटणीचे ते असते. त्यामागे ‘डी’ नावाचा गुण असतो. दोन प्रकारच्या जोड्यांना लागलेल्या सरासरी वेळेतला फरक त्या व्यक्तीच्याच सगळ्या प्रतिसादांच्या प्रमाण विचलनाने (वेळा सरासरीभोवती किती विखुरलेल्या आहेत त्या मापाने) भागला की तो मिळतो. हा गुण 0.15 ओलांडला की ‘सौम्य’, 0.35 ओलांडला की ‘मध्यम’ आणि 0.65च्या पुढे ‘तीव्र’ अशी लेबले लागतात. या सीमारेषा संशोधकांनी संकेताने ठरवलेल्या आहेत. 0.34 आणि 0.36 या गुणांच्या दोन माणसांत मनाने काही अंतर आहे, असे त्यांतून निघत नाही. पण वाचणाऱ्याला आकडा दिसत नाही, त्याला दिसते ते विशेषण, आणि ते तो मनाला लावून घेतो.

मी हीच चाचणी तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा दिली. पहिल्यांदा ‘मध्यम’ आले, दुसऱ्यांदा ‘सौम्य’. वर्गात हे सांगितले तेव्हा एका विद्यार्थिनीने निरागसपणे विचारले, ‘मग मॅडम, मधल्या काळात तुम्ही सुधारलात का?’ सगळे हसले, पण प्रश्न नेमका होता. या चाचणीची पुनर्चाचणी विश्वसनीयता, म्हणजे तीच चाचणी पुन्हा दिल्यावर निकालांचा किती मेळ बसतो ते (पूर्ण बसला तर 1), साधारण 0.5 आहे. एखाद्या व्यक्तीविषयी निर्णय घेण्यासाठी वापरायच्या मानसशास्त्रीय चाचणीकडून आपण वर्गात 0.8ची तरी अपेक्षा ठेवायला शिकवतो. तेव्हा मी सुधारले नव्हते, साधनच तेवढे हलत होते.

सप्रमाणतेचा प्रश्न याहून कठीण आहे. या गुणावरून माणसाच्या वागण्याचा अंदाज बांधता येतो का, यावर गेली दोन दशके वाद चालू आहे. ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी 2009 साली 122 अहवाल एकत्र करून गुण आणि वर्तन यांत सरासरी 0.27 इतका सहसंबंध काढला (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण). फ्रेडरिक ऑस्वल्ड आणि सहकाऱ्यांनी 2013 साली फक्त वंशविषयक चाचण्या घेतल्या, तेव्हा तो 0.15च्या आसपास आला, म्हणजे वर्तनातल्या तफावतीचा जेमतेम दोन टक्के भाग. पुढे 2019 साली पॅट्रिक फोर्शर आणि सहकाऱ्यांनी 492 अभ्यास आणि 87,418 सहभागींचे विश्लेषण केले. त्यात हा गुण प्रयोगाने थोडाफार हलवता येतो असे दिसले, पण तो हलला म्हणून वागणेही बदलते याचा पुरावा मिळाला नाही. एकेका व्यक्तीला भेदभाव करणारी म्हणून वेगळे काढण्यासाठी हे माप वापरणे अडचणीचे आहे, हे चाचणीच्या कर्त्यांनीही 2015 साली लिहून मान्य केले. संकेतस्थळावरही तशी सूचना आहे. माझी तक्रार एवढीच की सूचना एकीकडे आणि ते ठाम वाक्य दुसरीकडे. वाक्य सगळे वाचतात, सूचना कोण वाचतो?

मराठी माणसाने ही चाचणी देताना एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी, ती म्हणजे भाषा. आम्ही वापरतो त्या मूळ अमेरिकी संचात पुरुषांची नावे बेन, पॉल, जेफ्री अशी आणि स्त्रियांची जूलिया, मिशेल, रिबेका अशी आहेत. तालुक्याच्या गावातून आलेल्या माझ्या विद्यार्थ्याला ‘जेफ्री’ हे पुरुषाचे नाव आहे हे आधी आठवावे लागते आणि त्या आठवण्यात गेलेला वेळही मापात शिरतो. ‘कुटुंब’ या गटात ‘मॅरेज’ आणि ‘वेडिंग’ असे दोन शब्द येतात. आपल्याकडे दोन्ही लग्नच, आणि लग्न म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर कार्यालयाची तारीख, केळवण आणि मानपान हे सगळे एकदम उभे राहते. ‘मॅनेजमेंट’ हा शब्द मात्र करिअरच्या खात्यात टाकलेला आहे. घरात ती कला कोणाच्या हातात असते, हे कोणत्याही वहिनींना विचारावे.

ही केवळ माझी शंका नाही. ओगुनाइके, डनहॅम आणि बनाजी यांनी 2010 साली मोरोक्कोत अरबी-फ्रेंच आणि अमेरिकेत स्पॅनिश-इंग्रजी अशा दुभाषिकांना याच पद्धतीची, पण दोन समाजांविषयीची चाचणी दोन्ही भाषांतून दिली, तेव्हा ज्या भाषेत चाचणी त्या भाषेच्या समाजाकडे कल झुकलेला दिसला. माणूस तोच, पण भाषा बदलली की कल बदलतो. मग इंग्रजीतून दिलेल्या चाचणीत माझे जे ‘मध्यम’ आले, ते माझ्या मनाचे की माझ्या इंग्रजीचे? ज्या भाषेत मी भांडते आणि मुलांना निजवते, त्या मराठीत हा संच सिद्ध करून वापरता यावा, ही माझी या सेवेकडून पहिली मागणी आहे.

त्वचेच्या रंगाची चाचणी आमच्याकडे सर्वांत जास्त बोचते. ‘वधू पाहिजे’ या सदरात ‘गोरी’, ‘गव्हाळ’ हे शब्द पाहत वाढलेल्या आणि त्याच वेळी पंढरीच्या सावळ्या विठ्ठलापुढे हात जोडणाऱ्या मनात दोन्ही साहचर्ये नांदत असतात. त्यांतले कोणते वर येईल हे प्रसंगावर ठरत असावे. निलांजना दासगुप्ता आणि ग्रीनवाल्ड यांनी 2001 साली दाखवले की लोकांना आधी कौतुकास पात्र कृष्णवर्णीय आणि बदनाम श्वेतवर्णीय व्यक्तींची चित्रे दाखवली तर श्वेतवर्णीयांच्या बाजूचा कल कमी होतो आणि एक दिवसानंतरही तो कमी राहतो. मात्र कॅल्व्हिन लाय आणि सहकाऱ्यांनी 2016 साली असे नऊ उपाय तपासले, तेव्हा काही तासांत किंवा दिवसांत सगळ्यांचाच परिणाम ओसरला. अर्ध्या दिवसाचे ‘पूर्वग्रह-निर्मूलन शिबिर’ घेऊन कर्मचाऱ्यांना प्रमाणपत्रे वाटणाऱ्या कंपन्यांनी हा निबंध आधी वाचायला हरकत नाही.

एवढे सगळे लिहूनही मी पुढच्या वर्षी वर्गाला तिथेच नेणार आहे. एका माणसाच्या बाबतीत डळमळणारे हे माप लाखो माणसांच्या सरासरीत बरेच स्थिरावते. टेसा चार्ल्सवर्थ आणि बनाजी यांनी 2007 ते 2016 या काळात याच संकेतस्थळावर दिल्या गेलेल्या 44 लाख चाचण्या तपासल्या. समलिंगी व्यक्तींविषयीचा अव्यक्त कल 33 टक्क्यांनी आणि वंशाविषयीचा 17 टक्क्यांनी तटस्थतेकडे सरकला होता, पण वय आणि अपंगत्व यांबाबत फारसे काहीच हलले नव्हते. चाचणी देणारे स्वतःहून येतात, त्यामुळे हा सगळ्या समाजाचा नमुना नव्हे, हे खरे. तरीही इतकी वर्षे चाललेली आणि ओळख वगळून संशोधकांना खुली केलेली अशी नोंदवही सामाजिक बोधनाच्या अभ्यासात दुर्मीळ आहे.

घरी करून पाहणार असाल तर शक्यतो कळफलक असलेल्या संगणकावर आणि दार लावून करा. पंधरा दिवसांनी तीच चाचणी पुन्हा द्या. निकालाला तुमचे नाव चिकटलेले नसते, पान बंद केले की तो नंतर मागता येत नाही, म्हणून तिथल्या तिथे लिहून घ्या. माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगवहीत ‘निष्कर्ष’ या सदराखाली यंदापासून दोन ओळी आखलेल्या आहेत, पहिली पहिल्या खेपेसाठी आणि दुसरी दुसऱ्या. दुसरी भरल्याशिवाय मी सही करत नाही.