गुरबाणी व्याकरणाचा ऑनलाइन कोर्स : शिकवणं भारी, पीडीएफ बेकार

गुरुमुखी अक्षरं मला आधीच येत होती, त्यामुळे वाटलं गुरु ग्रंथ साहिब वाचायला अजून काय लागतं. पहिल्याच लेक्चरला माज उतरला. सरांनी फळ्यावर नानकु, नानक, नानकि असं लिहिलं आणि विचारलं उच्चारात फरक काय, तर काहीच नाही, शेवटची ऱ्हस्व मात्रा बोलतच नाहीत, पण अर्थ पार बदलतो. औंकड म्हणजे उकार असला की नानक कर्ता, मात्रा नसली की बहुतेक वेळा 'हे नानका' अशी हाक, आणि सिहारी म्हणजे ऱ्हस्व इकार लागली की 'नानकाने'. आपल्याला हे तसं परकं नाही हो, ज्ञानेश्वरीच्या सुरुवातीलाच गणेशु, प्रकाशु, निवृत्तिदासु भेटतात, आणि मनी-घरी तर आपण आजही म्हणतो, बाणीत, म्हणजे ग्रंथातल्या रचनांत, तेच मनि, घरि. (हे सरांनी नाही सांगितलं, माझं मलाच सुचलं.)

ग्रंथ ज्याने सुरू होतो त्या मूलमंत्राला पूर्ण दीड तास दिलाय आणि तोच कोर्सचा जीव आहे. नामु, पुरखु, निरवैरु या सगळ्यांना औंकड, अकालला मात्र नाही, कारण ते पुढच्या स्त्रीलिंगी मूरतिचं विशेषण. गुर प्रसादि मधली सिहारी म्हणजे 'कृपेने'. आणि अजूनी म्हणजे 'अजून' नाही बरं का, मी आधी तेच समजून बसलेलो, ते अ-योनी, जन्म न घेणारा.

शेवटचा 'शीख धर्म वेगळा कसा' हा भाग मात्र फसलाय. इतका शांत माणूस तिथे एकदम भाषणाच्या मोडमध्ये जातो, इतर धर्मांना टोमणे काय, आवाज काय, आणि शीख पद्धतीच्या लग्नाला मान्यता देणारा १९०९ चा आनंद विवाह कायदा एका वाक्यात उरकला. अहो उत्तर तुम्हीच मूलमंत्रात देऊन झालेलात ना, ओंकाराच्या आधी १ चा आकडा आहे, अजूनी म्हटल्यावर अवतार बाद, मग राम, हरी ही नावं बाणीत कितीही वेळा आली तरी ती मुख्यतः त्या निराकारालाच. नामदेवांची ६१ पदं ग्रंथात आहेत म्हणून 'आपलाच पंथ की' म्हणणारे माझ्यासारखे असतात, त्यांना अंग (म्हणजे पान) ११३६ वरचं महला ५ चं, म्हणजे पाचवे गुरु अर्जन यांचं, 'ना हम हिंदू न मुसलमान' नीट उलगडून दाखवलं असतं तरी पुरलं असतं.

आता पीडीएफ. फॉन्ट असा गंडलाय की सिहारी भलत्याच अक्षराला चिकटलीय आणि औंकड कुठे कुठे गायबच, म्हणजे ज्या मात्रांसाठी कोर्स घेतला त्याच नाहीत! मेल केला तर उत्तर आलं 'उच्चारात फरक पडत नाही'. शेवटी प्रोफेसर साहिब सिंगांचा दहा खंडांचा दर्पण, म्हणजे ग्रंथावरची टीका, शेजारी ठेवून हातानेच सगळं दुरुस्त केलं.

चार स्टार, एक पीडीएफचा कापला.